श्राद्धाचा व्हिसा

“श्राद्धाचा व्हिसा असा काही प्रकार नसतो हो, आक्का,” मी तिसऱ्यांदा सांगितलं.

“नसंल तर काढा की मग. तुमी त्याच कामाला बसलाय न्हवं हितं?”

आता बोला! समोर खुर्ची रिकामी असूनही आक्का वरुटे उभ्याच होत्या. बसल्या असत्या तर निदान बोलणं बरोबरीनं झालं असतं. उभ्या म्हाताऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं जड जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं.

मी तेव्हा कोल्हापूरच्या एमआयडीसीत नेजदार इंजिनिअरिंगमध्ये होते. साखर कारखान्यांना लागणारे गिअरबॉक्स आणि उसाचे रोलर आम्ही बनवायचो आणि पार आफ्रिकेत नेऊन बसवून द्यायचो. आमचे फिटर तिकडे जायचे, तिकडे नेमलेली आमची माणसं कधी ट्रेनिंगला, कधी माल बघायला इकडे यायची. या सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं म्हणजे मी, सरोजिनी शिंत्रे. या कामात माणूस एक तर संत होतो, नाहीतर तिरसट. संत होणं माझ्या नशिबात नव्हतं.

“आक्का, नीट ऐका. धंद्याच्या कामाला येणाऱ्याला बिझनेस व्हिसा, शिकायला येणाऱ्याला शिकायचा, फिरायला येणाऱ्याला फिरायचा. त्यातला फिरायचा सध्या कोरोनामुळं बंद आहे. आणि पिंड द्यायला येणाऱ्याचा अजून कुठल्या सरकारनं काढलेला नाही.”

“मग कामाचा काढा.”

“अहो, पण त्याला इथं काम काय आहे?”

“माझ्या लेकाचं वर्षश्राद्ध हे काम न्हाई व्हय?”

कपाळ माझं!

आक्कांचा एकुलता एक, बिनलग्नाचा मुलगा सर्जेराव आमचा फिटर होता. आदल्या वर्षी, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, टांझानियातल्या साइटवरची आमची बाकीची माणसं खास विमानानं परत आली. हा मात्र म्हणाला, दोन जोडण्या राहिल्यात, त्या करून येतो. श्रावणात त्याला हिवताप झाला, तो मेंदूत गेला आणि बघता बघता माणूस संपला. विमानं बंद, जवळचं मोठं शहर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. देह इकडे आणता येईना. तिथंच दहन करायचं ठरलं आणि साइटवर आपलं म्हणावं असं उरलं होतं एकच माणूस, गॉडफ्री म्वाक्युसा. आमच्याच पगारावरचा तिथला मुकादम. जड सामान उचलणाऱ्या टोळीवर असायचा.

त्या दिवशी आक्कांच्या घरी मोबाइल धरून बसायला साहेबांनी मला पाठवलं होतं. तिकडे गॉडफ्री, इकडे आक्का आणि मधे दुभाषी मी. “त्याला म्हणावं, आधी सर्जाच्या तोंडात पाणी घाल. आता मडकं खांद्यावर घे. तीन फेऱ्या मार. मागं वळून बघू नगंस.” मी इंग्रजीत सांगायची, तो करायचा. डोकं भादरायला सांगा, असं आक्का म्हणाल्या तेव्हा त्यानं टोपी काढून दाखवली. डोक्यावर आधीच एक केस नव्हता. आक्कांनी मान हलवली आणि पुढचं सांगायला लागल्या. घर बांधताना गवंड्याला सूचना द्याव्यात तसं त्यांचं चाललं होतं. बाई आहे की दगड, असं माझ्या मनात आलं.

आणि आता वर्ष होत आलं तर हा हट्ट. ज्यानं अग्नी दिला त्यानंच वर्षश्राद्धाला बसायचं.

“गावात कोणी नाही का बसायला?” मी विचारलं.

“हाय की. जोतिराम. माझ्या दिराचा ल्योक. ‘त्यो काळा पाव्हणा कशाला येतोय, मी बसतो’ म्हणून गावभर सांगत फिरतोय.”

“मग बसू दे की त्याला!”

आक्का टेबलावर दोन्ही हात टेकून पुढं वाकल्या. “बाई, त्यो बसला की मी संपले. ध्येनात ठेवा. तिथीला गॉडफ्रे हितं पायजे.”

एवढं बोलून निघूनही गेल्या. मी तणतणत नेजदारसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. मला वाटलं, साहेब म्हणतील, जाऊ द्या. पण साहेब सर्जेरावच्या बाबतीत हळवे होते.

“बोलवा गॉडफ्रीला,” साहेब म्हणाले. “नाहीतरी तिकडचा नवा गिअरबॉक्स जायचाय. पाठवण्यापूर्वी तो कुणीतरी बघायला हवाच. येऊन बघू दे. कंपनीचंही काम होईल, आक्कांचंही होईल.”

“पण साहेब, एका...”

“शिंत्रेबाई, पत्र तयार करा.”

झालं! उंटावर बसलेल्यानं शेळ्या हाकायच्या आणि शेळ्यांमागं धावायचं आम्ही.

पहिलं घोडं पत्रातच अडलं. कंपनीचं निमंत्रणपत्र लागतं. माणूस कोण, कशासाठी येतोय, कुठं राहणार, खर्च कोण करणार, एवढं साधं लिहायचं असतं. पण साहेब पत्र स्वतः सांगायला बसले की त्यांच्यात कारखान्याचा चेअरमन शिरतो. “आपल्या शुभागमनाने आमच्या कारखान्याची शोभा द्विगुणित होईल, असं घ्या.” मी म्हटलं, “साहेब, गळिताच्या शुभारंभाची पत्रिका नाही ही.” साहेब रुसले. सही करायला दोन दिवस लावले, तेही गुरुवारच हवा म्हणून.

मग फोटो. पांढऱ्या भिंतीसमोर, कान दिसतील असा, चौकोनी फोटो पाठव, एवढंच मी गॉडफ्रीला सांगितलं होतं. पहिला आला तो कुणाच्या तरी लग्नातला. त्यात शेजारणीचा अर्धा खांदा होता. दुसरा निळ्या ताडपत्रीसमोर. तिसऱ्यात सगळं बरोबर होतं, फक्त डोळे मिटलेले.

“गॉडफ्री, डोळे उघड रे बाबा!” मी फोनवर ओरडले.

“उघडे होते, मॅडम. फोटो काढताना ऊन आलं.”

तो फोन करायचा पाण्याच्या टाकीवर चढून, कारण खाली रेंज नसायची. त्यामुळं प्रत्येक वाक्याच्या मध्ये वारा. अर्जात वडिलांचा जन्म कुठला, आईचा कुठला, आजोबा कुठले, सगळं भरायचं होतं.

“आजोबांचं गाव?”

“नदीजवळ.”

“नदीला नाव असेल ना काहीतरी!”

“आहे, मॅडम. पण आजोबा दोन्ही काठांवर राहायचे.”

मी फोन ठेवून गार पाणी प्यायले. अर्ज भरता भरता मधेच संगणकावरचं पान बंद पडायचं आणि पुन्हा श्रीगणेशा. चिडून मी एकदा माउस असा आपटला की शेजारच्या अकाउंट्सवाल्यानं आपला टेबलफॅन उचलून पलीकडे ठेवला. पण अखेर मंजुरी आली. एक महिन्याचा व्हिसा, जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून. मी स्वतःवरच खूश होऊन आक्कांना फोन लावला.

“आक्का, काम फत्ते! सर्जेराव नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गेला ना? यंदा ती तिथी येते जुलैच्या मध्यावर. गॉडफ्री त्याआधी आठवडाभर इथं हजर.”



“बाई,” आक्का म्हणाल्या, “जुलैच्या मध्यावर आषाढ असतोय.”

“नाही हो. गेल्या वर्षी जुलैअखेर होती नागपंचमी. सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. हिशेब केलाय मी.”

“आन् अधिक महिना कुणी धरायचा? गेल्या साली दोन आश्विन झालं की! औंदा सगळं पुढं गेलंय. नागपंचमी ऑगस्टात हाय, बाई.”

मी मान वर केली. माझ्या डोक्यावरच कॅलेंडर टांगलेलं होतं. नागपंचमी ऑगस्टच्या मध्याला, लाल अक्षरात. आणि व्हिसा संपत होता त्याच्या आठवडाभर आधी.

अहो, आदल्या वर्षी त्याच अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण दिलं होतं मी! स्वतःच्या हातानं तळलेले अनारसे. आणि हिशेब करताना अख्खा महिना गिळून बसले. मला स्वतःचीच इतकी चीड आली की दुपारचा डबा तसाच घरी गेला.

“आता काय?” आक्का विचारत होत्या. “जोतिरामनं धोतरजोडा आणून ठेवलाय.”

“बघते मी,” मी म्हटलं.

व्हिसाची मुदत काही ओढून वाढवता येत नाही. पुन्हा नवा अर्ज, नवं पत्र. बरं, पत्रात लिहायचं काय? जुलैत होणारी पाहणी अचानक ऑगस्टच्या ठरावीक दिवसांत का? मी अर्ज पाठवला आणि देवाचं नाव घेत बसले. चौथ्या दिवशी तिकडच्या आपल्या वकिलातीतून व्हिसा अधिकाऱ्यांचाच फोन आला. नंबियार नावाचे गृहस्थ होते. आवाज थकलेला, पण सभ्य.

“मॅडम, ह्या माणसाला आम्ही एक व्हिसा दिलाय. तो न वापरताच तुम्ही दुसरा मागताय. कारण काय?”

मी महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं फुटलं. म्हटलं, “साहेब, खरं सांगते. गिअरबॉक्स आहे, तो बघायचाही आहे. पण त्याच्याबरोबर एक श्राद्धही आहे.” मग सर्जेराव, मोबाइल, मडकं, आक्का, अधिक महिना, अनारसे, सगळं सांगून टाकलं. अनारसे कशाला सांगितले देव जाणे.

नंबियार शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही मला हे सांगितलेलं नाही आणि मी ऐकलेलं नाही. श्राद्धाला कुणी जायचं आणि कुणी नाही, हे माझं खातं नाही. मला गिअरबॉक्सचं सांगा. जुलैत तयार होता का?”

“नाही.”

“आता आहे का?”

“छे!”

“कधी होईल?”

“साहेब, आमचा एकही गिअरबॉक्स आजवर सांगितलेल्या दिवशी झालेला नाही.”

“मग हेच लिहून द्या. मालाला उशीर झाला म्हणून पाहणी पुढं गेली. मालकांच्या सहीनं. खरं असेल तरच द्या.”

इतकं सोपं! मी पत्र टाइप करून धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला.

“उशीर झालेला आहे? असं लिहायचं?”

“खरंच झालाय, साहेब.”

“झाला असेल हो! पण लिहून द्यायचं म्हणजे काय? वडिलांच्या काळापासून ह्या कंपनीनं ‘उशीर’ हा शब्द कागदावर घेतलेला नाही. आपण काय लिहितो? काम अंतिम टप्प्यात आहे.”

हे मात्र शंभर टक्के खरं. आमच्याकडचं प्रत्येक काम ऑर्डर आल्याच्या दिवसापासून अंतिम टप्प्यात असायचं. पत्र्याच्या शेडमध्ये नुसतं ओतकाम येऊन पडलेलं असलं तरी गिऱ्हाइकाला जाणाऱ्या पत्रात अंतिम टप्पा.

“अंतिम टप्पा चालणार नाही साहेब. जुलैसाठीच्या पत्रातही आपण तेच लिहिलं होतं.”

“मग ‘तांत्रिक कारणास्तव’ घाला.”

“साहेब!” माझा आवाज जरा जास्तच चढला. “त्या बाईनं मुलगा दिलाय ह्या कंपनीला. तुम्हाला एक शब्द देता येत नाही?”

बोलून गेले आणि माझी मलाच धास्ती वाटली. साहेब खिडकीबाहेर बघत बसले. मग पेन उघडलं आणि सही केली. वारही विचारला नाही.

“जा,” म्हणाले. “आणि गिऱ्हाइकाच्या हातात हा कागद पडू देऊ नका, म्हणजे मिळवली.”

गॉडफ्री आला तो तिथीच्या आदल्या दिवशी. मुंबईच्या विमानतळावर तपासण्या, नाकात काड्या, मग कोल्हापूरपर्यंत गाडी. गाडीतून उतरला तेव्हा मला कळेना, हाच का तो? मोबाइलमध्ये एवढासा दिसायचा. प्रत्यक्षात दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच. अंगात कोट, हातात एक बॅग.

“मॅडम शिंत्रे,” तो म्हणाला, “आता डोळे उघडे आहेत.”

मला हसावं की चिडावं कळेना. त्याला चहा देऊन मी गावाकडं काढणार, तेवढ्यात साहेब पुढं. “आधी गिअरबॉक्स!” बिचारा प्रवासानं आंबलेला. शेडमध्ये गेला, गिअरबॉक्सभोवती दोन फेऱ्या मारल्या, हात लावला, “गुड, व्हेरी गुड” म्हणाला. साहेबांनी फोटो काढून घेतला, कागदावर सही घेतली. म्हणजे आमच्या पत्रातला शब्द न् शब्द खरा झाला. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावी पोचलो. भोगावती दोन्ही काठ भरून वाहत होती, पाणी गढूळ. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर वरुट्यांची भावकी जमलेली, बायका एका बाजूला. गुरुजींनी दर्भ, तीळ, भाताचे पिंड मांडून ठेवले होते. आणि पाटावर, डोकं तासून, कोरं धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून जोतिराम आधीच बसलेला!

मला अशी आग लागली. एवढा जीव काढून, दोन-दोन व्हिसा काढून माणूस आणला आणि हा आयता पाटावर.

आक्का पुढं झाल्या. गॉडफ्रीला पहिल्यांदाच समोर बघत होत्या. त्यानं वाकून दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाला, “मामा.” त्यांच्याकडं आईला मामा म्हणतात. पोरं फिदीफिदी हसायला लागली. आक्कांनी त्याच्या दंडावर हात ठेवला, तेवढंच. मग जोतिरामकडं वळल्या.

“आक्का,” जोतिराम अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “पाव्हणा लांबनं आलाय. त्येचा मान हाय. पयल्या पंगतीला बसवू, टावेल-टोपी करू. पर विधीला रगताचं माणूस लागतंय. व्हय का न्हाई?”

भावकीतल्या दोन-चार माना हलल्या. एक म्हातारा म्हणाला, “बरुबर हाय त्येचं. किरिस्ताव माणूस त्यो, त्येला काय ठावं?”

मी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी तिळाकडं बघत होते.

“बस की बाबा,” आक्का म्हणाल्या. “डोस्कंबी भादरलंयस. बस.”

मी उडालेच. “आक्का! अहो...”

“तुमी थांबा, बाई. जोतिराम, बसतोयस तर बस. फकस्त त्येच्या आधी भावकीदेखत येक कर. गुरुजींच्या पळीतलं पाणी हातात घे. म्हण, सर्जाच्या उसात मी पाय टाकणार न्हाई. आन् पाणी सोड.”

घाटावरच्या सगळ्या माना जोतिरामकडं वळल्या.

“शेताचा हितं काय संबंध?” जोतिराम म्हणाला.

“न्हाई न्हवं संबंध? मग सोड पाणी.”

गुरुजींनी पळी भरून पुढं केली. मला वाटतं, त्यांनाही बघायचंच होतं. जोतिरामनं पळीकडं बघितलं, भावकीकडं बघितलं. हात काही मांडीवरून हलेना. पळी धरून गुरुजींचा हात अवघडला, तसं त्यांनी पाणी परत तांब्यात ओतलं.

“बाई,” आक्का मला म्हणाल्या, “आता ह्येला इचारा. सर्जाचं शेत पायजे का म्हणावं. उसाचं हाय, पाण्याचं हाय. खरंखुरं इचारा.”

मी गॉडफ्रीला सांगितलं, “आक्का विचारतायत, मुलाचं शेत तुला हवंय का?”

वाटलं होतं, लगेच नको म्हणेल. हा पठ्ठ्या विचारात पडला! मान तिरकी करून नदीपलीकडच्या उसाकडं बघायला लागला. आता हा हो म्हणाला तर?

“मामांना सांगा,” अखेर तो म्हणाला, “माझंही गावाकडं शेत आहे. मी साइटवर असतो म्हणून चुलतभाऊ कसतो आणि आता परत द्यायला तयार नाही. एकाचंच भांडण मला पुरे आहे. दुसरं कुठं घेऊ?”

मी शब्दाला शब्द मराठीत सांगितलं.

मागून तोच म्हातारा खो-खो हसायला लागला. “आरं तिच्या मायला! तिकडंबी भावकीच की!” आणि मग सगळा घाट हसायला लागला. बायका पदर तोंडाला लावून, गुरुजी खाली मान घालून. श्राद्धाच्या ठिकाणी असं हसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. गॉडफ्रीला वाटलं आपण काहीतरी छान बोललो, तोही हसला.

जोतिराम उठला. त्याला ऊठ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. उपरणं पाटावर ठेवलं आणि मागं जाऊन उभा राहिला. तासलेलं डोकं उन्हात उघडं पडलं होतं आणि त्याच्याकडं बघायला कुणालाच जमत नव्हतं.

गॉडफ्रीनं कोट काढला. त्याला धोतर पुरेना, म्हणून दोन जोडून नेसवलं. गुरुजींनी गोत्र विचारलं. मी म्हटलं, “काय सांगू आता?” गुरुजी म्हणाले, “ज्याचं ठाऊक नाही त्याचं काश्यप,” आणि पुढं निघाले. मंत्राचे शब्द गॉडफ्रीच्या तोंडात कसेबसे वळत होते, पण एकही सोडत नव्हता. सर्जेरावचं नाव तेवढं त्यानं प्रत्येक वेळी स्पष्ट घेतलं. चार महिने एका खोलीत राहिले होते दोघं.

मी आक्कांच्या शेजारी पायरीवर बसले. आतून धुमसत होते.

“आक्का, हे मला आधी नाही सांगायचं?” मी कुजबुजत भांडले. “मी इतके दिवस समजत होते, सगळं धर्माचं खूळ आहे म्हणून. शेताचं होतं तर वकील दिला असता मी तुम्हाला. कायद्यानं तुमचंच आहे ते!”

“वकिलाचं कोण ऐकतंय हितं?” आक्का समोर बघतच म्हणाल्या. “कागुद काय का म्हणंना, गावात पिंड दिल त्योच वारस. जोतिराम येकदा पाटावर बसला असता की संपलंच. उद्यापासनं त्येचीच औतं शेतात. माझी लेक सुरेखा माहेराला आली तर तिला दारात हुबी करून ठेवली असती.”

“तरी पण...”

“सर्जा गेल्याचं तेरावं हुतं, बाई. समदी जेवून उठली न्हाईत तवर जोतिराम कागुद घिऊन पुढ्यात. ‘आक्का, येकटी कुठवर बघशील, अंगठा दे.’ मी तवा रडत पडले असते तर अंगठा घिऊनच उठला असता त्यो. रडत्या बाईचा हात धरून अंगठा उठवाय किती येळ लागतोय? म्हणून फोनवर त्या दिशी डोळ्याला पदर लावला न्हाई. तेराव्याला लावला न्हाई. वरीसभर लावला न्हाई. समदी म्हंत्यात, आक्काचं काळीज दगडाचं.”

मी त्यांच्या जवळ सरकले.

खाली गॉडफ्रीनं पिंड उचलले. नदीत कमरेइतका शिरला आणि दोन्ही हातांनी अलगद सोडले. पाण्यानं ते लगेच ओढून नेले. गुरुजींनी वर बघून हात जोडले.

“झालं न्हवं समदं?” आक्कांनी विचारलं.

“झालं, आक्का.”

“त्या जोतिरामचं काय ऱ्हायलं न्हाई न्हवं आता?”

“काही राहिलं नाही.”

“मग आता रडते,” आक्का म्हणाल्या.

आणि त्या रडल्या. सर्जाऽऽ अशी हाक मारली आणि पायरीवर आडव्या झाल्या. आत्ता, या क्षणाला कुणी येऊन बातमी सांगावी, तसा आकांत. कपाळ दगडावर आपटायला लागल्या तेव्हा मी हात मधे घातला. बायका धावत आल्या. मघाशी हसणारा म्हातारा तोंड फिरवून नाक पुसत होता. जोतिरामही दोन पायऱ्या खाली आला आणि तिथंच थांबला.

गॉडफ्री ओलेत्यानं धावत वर आला. “मॅडम, काय झालं? माझं काही चुकलं का?”

वर्षभर मी इकडचं तिकडं करत आले होते. त्याचं आक्कांना, आक्कांचं त्याला, साहेबांचं दोघांना. चिडून, ओरडून, पण सगळं सांगितलं होतं. आता मात्र मला शब्द सापडेना. आक्कांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझी साडी भिजत होती.

“तुझं काही चुकलं नाही,” मी म्हटलं. “तिचा मुलगा गेलाय.”